कंडक्टरबाईंची सीट

त्या दिवशी संध्याकाळी विभावरी मगदूम तासगावच्या स्टँडसमोरच्या बाकड्यांची मापं घ्यायला गेली, तेव्हा तिची आई नेहमीच्या जागेवर बसून एका अनोळखी बाईला विट्याच्या गाडीची वेळ सांगत होती. वर खांबावरच्या पट्टीत सगळ्या गाड्यांच्या वेळा ठळक उजळलेल्या होत्या. गाडी कुठवर आली, आत किती जागा रिकाम्या आहेत, हेही ती पट्टी सांगायची. तरी बायका आईलाच विचारत. आईने एसटीत कंडक्टर म्हणून सारी नोकरी उभ्याने काढली होती. आता गाड्यांत कंडक्टर उरले नव्हते आणि ड्रायव्हर नावापुरते होते, पण गावाच्या लेखी पद्माक्का अजून ड्यूटीवरच होत्या.

"विट्याची आत्ताच गेली बघा," आई सांगत होती. "पुढच्या गाडीला अवकाश हाय. बसून घ्या तवर. गाडीत जागा मिळंल न मिळंल, इथली कुणी काढून घेत न्हाई."

शेजारी शमशादचाची होती. स्टँडच्या कोपऱ्यावर तिचा बांगड्यांचा गाळा. तो आता सुनेने सांभाळायला घेतला होता, त्यामुळे ऊन कललं की शमशादचाची आईशेजारी येऊन बसायची आणि तिथूनच गाळ्यावर नजर ठेवायची.

"आल्या बघ तुझ्या इंजिनेरबाई," ती आईला म्हणाली.

"येऊ दे. आपल्याला उठवलं नाही म्हणजे झालं."

विभावरी खाली वाकली आणि बाकड्याच्या पोटाशी मोजणीच्या तारा लावू लागली. "चाची, जरा पाय घ्या बाजूला."

"घेती. तू ल्हान हुतीस तवा बांगड्या भराय तुझ्या हाताचं माप मी घ्यायची. आता तू माझ्या बुडाचं घे."

विट्याला जाणारी बाई हसली. आईही हसली, आवाज न करता, खांदे हलवत.

"काय म्हणतंय तुझं बाकडं?" आईने विचारलं.

"बरं आहे म्हणतंय."

"आणि तू?"

"मीपण बरी आहे. तुझं?"

"मला काय झालंय? मी बरीच हाय."

"मायलेकींचं सदा बरंच असतं," शमशादचाची त्या परक्या बाईला म्हणाली. "कवाबी इचारा."

घरी आल्यावर आईने अंबाडीची भाजी आणि भाकरी वाढली. जेवताना शेजारच्या लग्नाचं बोलणं झालं. झोपताना आई म्हणाली, "पंखा जरा कमी कर गं, थंडी हाय अजून." विभावरीने पंखा कमी केला. सकाळी चहा घेऊन गेली तेव्हा आई गेलेली होती. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. चेहऱ्यावर त्रासाची काही खूण नव्हती. पण आईच्या चेहऱ्यावर ती जिवंतपणीही कधी नसायची.

*

'बाकडं' हे लोकांनी दिलेलं नाव. नगरपालिकेच्या ठरावात त्याला लांबलचक नाव होतं, ते कुणी उच्चारत नसे. पायाचे, बैठकीचे, पाठीचे आणि हातांचे असे निरनिराळे ठोकळे खुंटीने एकमेकांत बसत आणि हवे तसे जोडता येत. शाळेपुढे बुटकी बाकडी, दवाखान्यापुढे उंच, दोन बैठकींच्या मध्ये चाकाची खुर्ची शिरेल एवढी मोकळी जागा, ज्यांना दिसत नाही त्यांच्या बोटांना कळावी म्हणून कडेला खाच. एखादा ठोकळा झिजला तर तेवढाच काढायचा, कुटायचा आणि पुन्हा घडवायचा. टाकून द्यायचं काहीच नाही.

ठोकळे घडत द्राक्षाच्या काड्यांपासून. तासगावात द्राक्षाला तोटा नाही, तसा काड्यांनाही नाही. उन्हाळ्यात खरड छाटणी झाली की बागेबागेत काड्यांचे ढीग पडतात. पूर्वी ते बांधावर जाळत. विभावरीने त्यांचा भुसा करून त्यात एक बुरशी मिसळली आणि ते मिश्रण साच्यात दाबून भरलं. बुरशीचे पांढरे तंतू भुशातून वाढत गेले आणि त्यांनी कण न् कण बांधून टाकला. लाकडाहून हलका आणि पावसाला न बधणारा ठोकळा तयार झाला. जगात इतरत्रही असं करतात, पण शेवटी भट्टीत तापवून बुरशी मारून टाकतात. विभावरीने ती मारली नाही. बाकड्याच्या पायात पाणी धरून ठेवणारा एक ठोकळा बसवला, त्यातून ओल वर चढत राही आणि तंतू अर्धवट झोपेत जगत.

त्याचा उपयोग दुहेरी होता. लाजाळूच्या पानाला बोट लागलं की देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातलं पाणी सरकतं आणि पान मिटतं. या तंतूंचं तसंच. माणूस उठण्यासाठी पुढे झुकला की बैठकीवरचा भार बदलतो, तंतूंतून विजेची बारीकशी लहर जाते, ठोकळ्याच्या मागच्या भागात पाणी धावतं आणि तो भाग फुगून माणसाला अलगद वर उचलतो. वायर नाही, मोटार नाही. दुसरी गोष्ट हाडासारखी. हाडावर जिथे ताण पडतो तिथे ते जाड होत जातं. तंतूही ज्या वाटेने भार नेहमी येतो ती वाट जाड करत, जी वापरात नाही ती सोडून देत. म्हणजे रोज तेच माणूस बसलं, तर ठोकळा त्याचं बसणं-उठणं हळूहळू शिकून घेई.

आणि शिकलेलं पुढे देई. नवा ठोकळा घडवताना जुन्या ठोकळ्याचा चुरा मिश्रणात घालायचा, दुधाला विरजण लावतात तसा. चुऱ्यातल्या तंतूंची सवय नव्यात उतरे. हे नेमकं कसं घडतं, ते विभावरीलाही पूर्ण उलगडलेलं नव्हतं. आंबट विरजणाचं दही आंबट होतं, एवढं मात्र खरं होतं.

अडचण तिथेच होती. गावातल्या सगळ्या बाकड्यांचं पहिलं विरजण पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलं होतं आणि तिथल्या ठोकळ्यांवर उठबस केली होती ती विद्यार्थ्यांनी. दोन्ही पाय सारखे, दोन्ही खुबे शाबूत, उठायचं म्हटलं की उठले. म्हणून गावातली बाकडी माणसाला सरळ आणि झटकन उठवत. तरण्याताठ्यांना ते आवडे, पण त्यांना त्याची गरज नव्हती. ज्यांना गरज होती ते दचकत, हाताच्या ठोकळ्याला घट्ट धरून बसत.

स्टँडसमोरची एक बैठक तेवढी वेगळी झाली होती. आई रोज तिथे बसली आणि त्या ठोकळ्याने आईचं उठणं शिकून घेतलं: आधी उजवीकडे कल, मग थोडंसं वर, मग मध्येच थांबा, आणि मग उरलेलं. गुडघे दुखणाऱ्या, कंबर धरलेल्या बायका ती जागा रिकामी व्हायची वाट पाहत. तिला 'कंडक्टरबाईंची सीट' म्हणत.

आई गेल्यावर पाहुणे आले, गेले, घर रिकामं झालं. मग एका दुपारी विभावरी किल्ली घेऊन स्टँडवर गेली. तिने ती बैठक खुंटीतून सोडवली, तिच्या जागी नवा ठोकळा बसवला आणि जुना गाडीत ठेवून घरी आणला. कुणी काही विचारलं नाही. दुरुस्ती असेल, असं सगळ्यांना वाटलं.

*

तिने तो ठोकळा सोप्यात, खिडकीशी ठेवला. खाली पाण्याचा ठोकळा लावला. संध्याकाळी कामावरून आली की ती त्यावर बसायची.

या दिवसांत तिने पुष्कळ वाचलं होतं. तिच्या घरात पुस्तकांना तोटा नव्हता आणि शोकावर माणसांनी किती लिहून ठेवलंय याला सुमार नव्हता. वाचताना पटायचं. पुस्तक मिटलं की त्यातलं काही हाताला लागायचं नाही. ठोकळ्यावर बसल्यावर मात्र एक गोष्ट घडायची. ती उठायला लागली की तो तिला उजवीकडे कलवायचा, थोडं उचलायचा आणि थांबायचा. तीही थांबायची, अर्धी बसलेली, अर्धी उभी. तेवढ्या वेळात आई काय करत असे, ते तिला ठाऊक होतं. दम घेण्यासाठी ते थांबणं नव्हतं. डाव्या खुब्यातली कळ ओसरेपर्यंत ती थांबायची.

हे आईने तिला कधी सांगितलं नव्हतं. मगदुमांच्या घरात दुखण्याचं नाव काढायची रीतच नव्हती. वडील लवकर गेले, आईने कपाळावर आठी न आणता पहाटेची पहिली गाडी धरली, आणि लेकीने शाळेतून येऊन दोघींचा भात लावला. 'कशी आहेस?' 'बरी.' त्यावर दोघींचा संसार चालला. विभावरी पुण्याला संशोधन करत असताना एका दिवाळीला घरी आली होती. स्वयंपाकघरातून तिला माजघरातल्या आरशात आई दिसली. आई खिडकीचा गज धरून उठत होती. अर्ध्यावर थांबली, डोळे मिटून घेतले, ओठ आवळले. मग उठली, पदर नीट केला आणि हसत आत आली. "करंज्या जमल्यात की गं," म्हणाली.

विभावरीही हसली. पुण्याला परत गेल्यावर तिने संशोधनाचा विषय बदलला. तोवर ती बुरशीपासून पॅकिंगची खोकी करत होती. नव्या प्रस्तावात तिने लिहिलं, 'ज्येष्ठ व दिव्यांग नागरिकांना सार्वजनिक जागी विनासायास बसता-उठता यावे म्हणून.' पुढे ती तासगावला कायमची आली. गावाला वाटलं, नगरपालिकेचं मोठं काम मिळालं म्हणून आली. आईलाही तसंच वाटलं असावं. तिने विचारलं नाही, विभावरीने सांगितलं नाही.

काही आठवडे असे गेले. थांबा जरा कमी झालाय, असं एका संध्याकाळी तिला वाटलं. उन्हाळा वाढतोय, हवेत ओल कमी आहे, त्याचा परिणाम असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि पाण्याच्या ठोकळ्यात तांब्याभर पाणी जास्त घातलं.

*

शमशादचाची आली तेव्हा तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती.

"हाताला काय झालं?"

"काय न्हाई. उठताना तोल गेला."

"कुठं?"

"स्टँडवर. तुझ्या नव्या सीटनं दिलं ढकलून." चाची उंबऱ्यातच चपला काढत होती. "तिला दोष देत न्हाई बाई. ती बी नवी, मी बी तिला नवी. डाक्टर म्हणला, हाड शाबूत हाय."

विभावरीने चहा ठेवला. बाहेर आली तेव्हा चाची खिडकीपाशी उभी राहून ठोकळ्याकडे बघत होती.

"हितं हाय व्हय ही. आम्ही म्हणलं, चोरीला गेली. कुंभारांची सरस्वती तर तुझ्या हापिसात जायला निघाली हुती, कंडक्टरबाईंची सीट हरवली म्हणून सांगायला. मीच थांबवलं. म्हणलं, राहू दे, विभानं नेली असंल." ती ठोकळ्यावरून हात फिरवत म्हणाली, "बसू?"

"बसा की चाची. विचारता काय?"

चाची बसली. दोघींनी चहा घेतला. शेजारच्या लग्नात पंगतीला मीठ कमी पडलं होतं. सुनेने गाळ्यात आरसा नवा लावला होता. बायका आता बांगड्या कमी घेतात आणि आरशात जास्त बघतात, असं चाचीचं म्हणणं. आईचा विषय कुणी काढला नाही. मग चाचीने बशी खाली ठेवली आणि ती उठू लागली. ठोकळ्याने तिला कलवलं, उचललं आणि उभं केलं. तिने पटकन खिडकीचा गज धरला.

"आगं."

"काय झालं?"

"हिची सवय मोडली की." चाची मागे वळून ठोकळ्याकडे बघत राहिली. "पद्माक्का कशी, जरा वर यायची आन् थांबायची. 'थांब गं शमशाद, गाडी सुटत न्हाई,' म्हणायची. ही आता थांबतच न्हाई. घाई कराय लागलीया. कुणासारखी सांगू?"

"कुणासारखी?"

"तुझ्यासारखी," चाची सहज म्हणाली आणि चपला शोधू लागली.

ती गेल्यावर विभावरीने मोजणीच्या तारा आणल्या. तार जागेवर बसायला वेळ लागला. पडद्यावर ठोकळ्याच्या आतला नकाशा उमटला. उजवीकडची जुनी जाड वाट अजून होती, पण तिच्यावरून दोन नव्या वाटा गेल्या होत्या, सारख्या, सरळ, दोन शाबूत पायांच्या. रोज संध्याकाळी आईजवळ बसायचं म्हणून ती बसली होती आणि बसून बसून आईला पुसत होती. वापरात नसलेली वाट तंतू सोडून देतात, हे वाक्य तिने स्वतः लिहिलं होतं. ते शिकवलंही होतं, कारखान्यातल्या प्रत्येकाला.

त्या दिवसापासून ती ठोकळ्यावर बसली नाही. पण त्यानेही भागणार नव्हतं. कुणीच बसलं नाही तर सगळ्याच वाटा सैल पडणार, आणि ठोकळा कुणाचाच राहणार नाही. बसलं तरी आई जाणार, न बसलं तरी जाणार. फक्त उशिरा.

*

कारखाना म्हणजे मार्केट यार्डामागचं जुनं गोदाम. तिथलं काम उमेश तोडकर बघत असे. मूळचा बागायतदार, बोलायला मऊ. छाटणी सुरू झाली होती, काड्यांच्या ट्रॉल्या येऊन पडत होत्या आणि यंदाचं विरजण कुठल्या ठोकळ्याचं घ्यायचं, ते विभावरीने सांगायचं होतं. ती टाळत होती. शेवटी तिने उमेशला काय झालं ते सांगितलं, फार न बोलता, एखादा बिघाड सांगावा तसं.

उमेशने सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, एक करता येईल. आमच्या थोरल्या भावाच्या बेदाण्याच्या शेडवर वाळवू. सावली आहे, वारा खेळता आहे. पाणी तोडलं की तंतू आहेत तिथं थांबतील. आकार हाय तसा राहील, जन्मभर."

"मरतील ते."

"मरतील. पण बदलणार तर न्हाईत. घरात ठेवा, रोज दिसेल."

त्याचं म्हणणं चांगल्या मनाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विभावरी ठोकळा घेऊन शेडवर गेली. चारी बाजूंनी उघडी शेड, आत खालपासून वरपर्यंत जाळ्यांचे थर आणि त्यावर द्राक्षं पसरलेली. काही अजून हिरवी, फुगलेली, तर काही सुरकुतून सोनेरी झालेली. हवेत गोड, आंबूस वास. उमेशच्या भावाने एका जाळीवर जागा करून दिली. तिने ठोकळा ठेवला, पाण्याचा ठोकळा त्याच्यापासून सोडवला आणि मागे सरून उभी राहिली.

असा तो घरात दिसेल. बघायला. बघायला तिच्याजवळ आईचा फोटोही होता, खाकी साडीतला, खांद्याला चामड्याची पिशवी, गाडीच्या दाराशी उभी. फोटोला हार घातलेला होता. फोटोकडे बघून तिला आई कशी दिसायची ते आठवे. पण त्या अर्ध्या उठलेल्या थांब्यात आई तिला मिळाली होती ती बघण्याची नव्हती. आईने तिला कलवलं होतं, उचललं होतं, 'थांब' म्हटलं होतं. वाळलेला ठोकळा कुणालाच उठवणार नव्हता. आणि स्टँडवर चाचीला कुणीतरी उठवायला हवं होतं.

तिने ठोकळा जाळीवरून उचलला.

"का हो मॅडम, जागा बरोबर न्हाई का?" उमेशच्या भावाने विचारलं.

"जागा चांगली आहे. ही वस्तू वाळवायची नाही."

कारखान्यात उमेश दारातच भेटला. त्याने तिच्या हातातल्या ठोकळ्याकडे पाहिलं. "परत स्टँडवर बसवायची का?"

"तिथं एका वेळी एकीलाच मिळेल. आणि आता त्यात माझीही सवय आलीय. यंदाचं विरजण याचं लावू. गावातल्या सगळ्या बाकड्यांना."

उमेशने ठोकळ्यावर हात ठेवला. "फोडावं लागंल, मॅडम."

"माहीत आहे."

"पुन्हा जुळवता येणार न्हाई."

"उमेशराव, हे तुम्हाला मीच शिकवलंय."

*

कारखान्यात एक रीत आपोआप पडली होती. विरजणाचा पहिला तुकडा यंत्रात घालायचा नाही, हाताने चुरायचा. आणि तो ठोकळा ज्यांच्या वापरातला असेल, त्यांच्यापैकी कुणीतरी येऊन चुरायचा. कुणी ठरवलं होतं असं नाही. घरात दह्याला हात लावणारी बाई एकच असते, तसंच काहीसं बायकांच्या मनात असावं. भुसा चाळायला येणाऱ्या बायका त्या दिवशी चौकोनी टेबलाभोवती बसल्या होत्या. शमशादचाचीला विभावरीने स्वतः गाडीतून आणलं होतं. मनगटाची पट्टी सुटली होती, पण जोर अजून नव्हता.

"मी कशाला? माझा हात हा असा," चाची म्हणाली.

"तुम्हीच तर बसायच्या तिथं, आई उठली की."

"तुझी आई हुती, तू चुर. मी बसती शेजारी. तेवढंच येतंय मला."

बायका हसल्या. उमेशने पटाशी आणि लाकडी हातोडी आणून ठेवली. विभावरीने ठोकळा टेबलावर उलटा-सुलटा करून पाहिला. मग पटाशी कडेला लावून हळूच ठोकलं.

वरचा थर आधी सुटला. पातळ, फिकट, जेमतेम सायीएवढा. त्यात दोन्हीकडे सारख्या बारीक रेषा होत्या. तो थर तिचा होता, सोप्यातल्या संध्याकाळांचा. तिने तो थर नखांनी काळजीपूर्वक सोलून काढला आणि बाजूच्या भुशात टाकला. यात तिचं काही नको होतं.

मग ठोकळा मधोमध दुभंगला. आवाज अगदी लहान झाला, कोरडी भाकरी मोडल्यासारखा.

आतलं तिने पडद्यावर अनेकदा पाहिलं होतं, पण हातात घेऊन कधीच नाही. उजव्या अंगाला तंतूंचा दोर झाला होता, करंगळीएवढा जाड, पिळदार. सगळा भार आईने तिथून नेला होता, दिवसामागून दिवस. डाव्या अंगाला जवळजवळ काही नव्हतं, कोळ्याच्या जाळ्यासारखी धूसर रेघ. त्या बाजूला आईने कधी पूर्ण वजन टाकलंच नव्हतं. आणि मध्ये, थांब्याच्या जागी, दोर फुगून गाठीसारखा झाला होता. केवढी कळ असेल, की रोज तिथं एवढा वेळ लागावा. "मला काय झालंय?" म्हणणाऱ्या बाईची ही गाठ होती.

शेजारी चाचीने मान पुढे करून पाहिलं आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं. "बोलली न्हाई कधी," ती म्हणाली. "मलाबी न्हाई."

टेबलाभोवती चाळण्या थांबल्या होत्या. उमेश दाराशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला.

आता चुरायचं होतं. विभावरीने ती गाठ दोन्ही तळव्यांत धरली. तंतू गार होते, ओलसर, अजून जिवंत. दाबल्यावर ते किंचित वर आले, उठवायला बघत असल्यासारखे. तिने डोळे मिटले नाहीत. बोटं घट्ट केली आणि गाठ चुरू लागली. पांढरा चुरा परातीत पडू लागला, जिथून तो स्टँडवर जाणार होता, दवाखान्यापुढे, पोस्टापुढे, कुणाकुणाच्या कमरेखाली.

"आई," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तुझा खुबा दुखायचा. मला माहीत होतं गं. कधीपासून माहीत होतं. तू बरी म्हणायचीस म्हणून मीपण बरी म्हणायचे. ही बाकडी मी सगळ्यांसाठी नव्हती केली. तुझ्यासाठी केली होती."